क्रायोनंतर डोळा लाल झाला, थेंब बंद करू का?

“माझं वय 53. शाळेत असल्यापासून चष्मा आहे, नंबर मायनस नऊ. मागच्या महिन्यात उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं दिसू लागलं आणि समोर काळे ठिपके तरंगायला लागले. डॉक्टरांनी बाहुली मोठी करून पाहिलं. पडदा एका जागी फाटलाय, तो सुटू नये म्हणून गोठवून घ्यावा लागेल, असं म्हणून त्याच दिवशी क्रायो केलं. दोन दिवसांत डोळा लालभडक झाला, आतून ठणकायला लागला, उजेड सहन होईना. डॉक्टर म्हणाले, आत सूज आहे. स्टेरॉइडचे थेंब दिवसातून सहा वेळा आणि बाहुली मोठी ठेवणारे थेंब दोनदा घालायला सांगितले. तीन-चार दिवसांत बरं वाटलं. मग बाटलीबरोबरचा कागद वाचला. स्टेरॉइडनं डोळ्याचं प्रेशर वाढतं, काचबिंदू होतो, मोतीबिंदू होतो, असं त्यात लिहिलंय. घाबरून मी दोन्ही थेंब बंद केले. आता डोळा पुन्हा लाल झालाय. पडदा वाचवायला गेले आणि चांगला डोळा बिघडवून बसले असं वाटतंय. ओळखीचे लोक म्हणतात, लेझर करायला हवं होतं. क्रायो चुकलं का? पडदा सुटतोय का? दुसऱ्या डोळ्याचं काय? रात्र रात्र झोप लागत नाही.”

ताई,

तुमचं पत्र वाचल्या वाचल्या दोन ओळी कळवल्या होत्या: आजच डॉक्टरांना फोन करा आणि थेंब बंद केलेत हे आधी सांगा. तुम्ही तसं केलंत, लगेच गेलात. पडदा जागेवर आहे, आतली सूज मात्र परत चढली आहे असं त्यांनी सांगितलं आणि थेंब पुन्हा सुरू झाले, हे तुमच्या दुसऱ्या चिठ्ठीतून कळलं. फार बरं वाटलं. तातडीचं काम झालंय, तेव्हा आता सगळं सविस्तर लिहिते. तुमच्यासारखा घाबरून थेंब बंद करणारा माणूस माझ्या तपासणीच्या खोलीत नेहमी येतो, आणि अशा माणसावर रागावण्यापेक्षा त्याला नीट समजावून सांगितलेलं मला जास्त उपयोगाचं वाटतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, कारण तुमची झोप तिच्यामुळेच उडाली आहे. डोळा ठणकतोय, लाल आहे, म्हणजे पडदा सुटत असणार असं तुम्ही धरून चाललात. पण पडद्याला दुखतच नाही. पडदा म्हणजे प्रकाश टिपणारा मज्जापेशींचा अतिशय पातळ थर, आणि वेदना पोचवणारे तंतू त्यात नसतात. पडदा सुटतो तेव्हा डोळा बहुधा लाल होत नाही, ठणकत नाही, पाणी येत नाही. आरशात पाहिलं तर डोळा अगदी नेहमीसारखा दिसतो. तुमचं ठणकणं आणि उजेड न सोसणं हे डोळ्याच्या पुढच्या भागातल्या सुजेचं आहे. त्याच्याकडे लक्ष द्यायलाच हवं, पण पडद्यावर पहारा ठेवायचा तर खुणा वेगळ्या आहेत. त्यांच्याकडे पुढे येते.

आता क्रायो चुकलं का, ते पाहू. डोळ्याच्या आतली पोकळी एका पारदर्शक, जेलीसारख्या द्रवानं भरलेली असते. वय वाढतं तशी ही जेली पातळ होते, आक्रसते आणि पडद्यापासून सुटी होते. बहुतेकांच्या बाबतीत हे काही न बिघडता होतं, चार ठिपके तरंगतात एवढंच. पण जिथे जेली पडद्याला घट्ट चिकटलेली असते, तिथे ती सुटताना पडद्याला ओढते. त्या ओढीमुळे कडेला चमक दिसते आणि कधीकधी पडदा घोड्याच्या नालेच्या आकारात फाटतो. मोठा मायनस नंबर असलेल्यांचा डोळा लांबट असतो, पडदा ताणलेला आणि कडेला विरलेला असतो, जेलीही लवकर सुटते. त्यामुळे हा धोका त्यांना अधिक.

फाटलेल्या जागेतून पातळ झालेली जेली पडद्याच्या मागे शिरली की पडदा उचलला जातो. यालाच आपण पडदा सुटणं किंवा सरकणं म्हणतो. चमक आणि ठिपके अशी लक्षणं असलेला, जेलीची ओढ अजून चालू असलेला छेद तसाच सोडून दिला, तर निदान निम्म्या रुग्णांत पुढे पडदा सुटतो. वेळेवर लेझर किंवा क्रायो केलं तर हे प्रमाण 5 टक्क्यांच्या खाली येतं. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. तुमच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी उपचार केला, तो घाईनं नाही, वेळेवर केला. त्यांच्या जागी मी असते तर मीही तुम्हाला घरी जाऊन विचार करायला सांगितलं नसतं.

छेद बंद करणं हाच उपचार, हे आज आपण गृहीत धरतो. शंभर वर्षांपूर्वी तसं नव्हतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे डॉक्टर ज्यूल गोनँ यांनी 1920च्या दशकात दाखवून दिलं की सुटलेल्या पडद्याच्या मुळाशी छेद असतो आणि तो शोधून बंद केला तर पडदा परत बसतो. त्याआधी पडदा सुटला म्हणजे तो डोळा गेला, असंच बहुतेक धरलं जाई. गोनँ यांनी तापलेल्या उपकरणाचा चटका दिला. थंडीचा प्रयोग 1930च्या दशकात इटलीत बिएत्ती यांनी करून पाहिला, आणि 1960च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हार्वी लिंकॉफ यांनी क्रायो रोजच्या वापरात आणलं. चटक्यापेक्षा थंडी सौम्य ठरली ती एका कारणानं: चटक्यानं डोळ्याची बाहेरची पांढरी भिंतही जळून कमजोर व्हायची. थंडी त्या भिंतीतून आरपार जाते, पण भिंत धड राहते.

लेझरच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच येतं. लेझर म्हणजे प्रकाश. तो बाहुलीतून आत जाऊन पडद्यावर नेमका पडायला हवा. वाटेत रक्त असेल, मोतीबिंदू दाट असेल, बाहुली पुरेशी मोठी होत नसेल किंवा छेद अगदी पुढच्या कडेला असेल, तर लेझर तिथे नीट पोचत नाही किंवा पोचून धरत नाही. क्रायो बाहेरून करतात, त्यामुळे त्याला ही अडचण कमी. दोन्ही सोयीचे असतील तर आज बहुतेक डॉक्टर लेझर निवडतात, कारण त्यात सूज कमी येते. तेव्हा तुमच्या ओळखीचे लोक अगदीच चुकीचं बोलत नाहीत, पण तुमचा छेद नेमका कुठे आहे आणि त्या दिवशी डोळ्यात किती स्वच्छ दिसत होतं, हे त्यांनी पाहिलेलं नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा, “माझ्या डोळ्यात लेझरऐवजी क्रायो का निवडलं?” हा प्रश्न उद्धट नाही, आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं. तुमच्या पत्रात छेद ‘वरच्या टोकाला, अगदी कडेला’ असल्याचा उल्लेख नाही, म्हणून मी अंदाज बांधत नाही. पण असं काहीतरी उत्तर मिळण्याची शक्यता बरीच आहे.

आता ही सूज कुठून आली? त्यासाठी क्रायो करताना आम्हाला काय दिसतं ते सांगते, कारण तुम्ही टेबलावर पडून होतात, तुम्हाला फक्त दाब आणि गारठा कळला असेल. डोळा बधिर केल्यावर डॉक्टर कपाळावर दिवा बांधतात, एका हातात भिंग धरतात आणि दुसऱ्या हातानं पेनासारख्या सळीचं टोक पापणीच्या आत, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकवतात. टोक हलकेच दाबलं की भिंगातून आतल्या नारिंगी-लाल पडद्यावर एक उंचवटा दिसतो. तो उंचवटा सरकवत सरकवत बरोबर छेदाखाली आणतात. मग पायाखालचं पॅडल दाबलं की सळीत दाबाखालचा वायू पसरतो आणि टोक उणे 60 ते उणे 80 अंश सेल्सिअसच्या घरात जातं. काही क्षण काहीच होत नाही. मग पडद्यावर तेवढ्या जागी पांढुरका डाग उमटतो आणि कडेकडेनं वाढतो. तो दिसला की पाय उचलायचा. इथे घाई चालत नाही: बर्फ वितळून टोक आपणहून सुटेपर्यंत सळी हलवायची नाही, नाहीतर गोठलेला भाग ओढला जाईल. अशा लहान लहान जागा छेदाच्या भोवती एकमेकींना लागून गोठवत जायचं. डाग जितका वेळ वाढू द्याल तितकी पुढे सूज जास्त, म्हणून जरुरीपुरतंच गोठवायचं, हे आम्ही शिकाऊ डॉक्टरांना पुन्हा पुन्हा बजावतो.

गोठलेल्या जागेतल्या पेशी मरतात. शरीर त्या जागेची डागडुजी करायला धावतं, रक्तवाहिन्या सैल होतात, पांढऱ्या पेशी येतात, आणि एक-दोन आठवड्यांत तिथे घट्ट व्रण तयार होतो. पडदा खालच्या थराला चिकटतो तो या व्रणामुळेच. ज्या दाहामुळे पडदा जागेवर बसतो, त्याचाच थोडा फार अंश डोळ्याच्या इतर भागात पसरतो. रक्तातले घटक डोळ्याच्या आत झिरपू नयेत म्हणून एक नैसर्गिक आडकाठी असते. थंडीनं ती काही काळ ढिली पडते, आणि लेझरपेक्षा क्रायोत ती जास्त ढिली पडते. म्हणून पापणी सुजणं, पांढरा भाग फुगल्यासारखा होणं, लाली आणि थोडी ठणक पहिले काही दिवस अपेक्षितच असते. काहींत सूज याच्या पुढे जाऊन बुबुळाच्या रंगीत भागापर्यंत पोचते. तुमचं तसं झालं.

डॉक्टर यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगून बारीक उजेडाची फीत डोळ्यात टाकतात ना, तेव्हा ते नेमकं हेच मोजत असतात. एरवी बुबुळाच्या पुढचं पाणी इतकं नितळ असतं की त्यात काही दिसत नाही. सूज असेल तर अंधाऱ्या खोलीत आलेल्या कवडशात धुळीचे कण तरंगतात तशा पांढऱ्या पेशी त्या उजेडात तरंगताना दिसतात. त्या किती आहेत यावरून शून्य ते चार अशी पायरी लिहून ठेवतात. तुमच्या केसपेपरवर ती लिहिलेली असेल. प्रत्येक भेटीत विचारा, “पेशी मागच्या वेळेपेक्षा कमी आहेत का?” डोळ्याची लाली आरशात पाहून जे कळत नाही ते या एका प्रश्नाला कळतं. लाली आधी ओसरते, पेशी मागाहून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुम्हाला बरं वाटलं तेव्हा आतलं पाणी अजून गढूळच होतं. थेंब बंद केल्यावर सूज पुन्हा उसळली ती यामुळे.

ही सूज आवरली नाही तर काय होतं, हेही सांगायला हवं. बुबुळाचा रंगीत भाग मागच्या भिंगाला चिकटू शकतो. मग बाहुली वेडीवाकडी होते, नीट उघडत नाही, आणि पुढच्या वेळी पडद्याची कड तपासायची तर बाहुलीच मोठी होत नाही. तुमच्यासारख्या रुग्णाला हे परवडणारं नाही, कारण तुमच्या पडद्याची कड पुढेही वारंवार पाहावी लागणार आहे. बाहुली मोठी ठेवणारे थेंब म्हणूनच देतात. त्यांनी बाहुली चिकटत नाही आणि आतला आखडलेला स्नायू सैल पडून ठणक कमी होते. जवळचं धूसर दिसतं आणि उजेड जास्त खुपतो, ते या थेंबांमुळेही असतं. ते बंद केले की काही दिवसांत तेवढं जातं.

स्टेरॉइडच्या कागदावर जे लिहिलंय ते खोटं नाही. थेंबांनी काही लोकांचं प्रेशर खरंच वाढतं, बहुधा काही आठवडे सलग वापरल्यावर. मोठा मायनस नंबर असलेल्यांत आणि घरात काचबिंदू असलेल्यांत हे जास्त दिसतं, म्हणजे तुमची शंका अगदी निराधार नव्हती. पण प्रेशर मोजता येतं. थेंब चालू असेपर्यंत प्रत्येक भेटीत ते मोजायचं. वाढलंच तर डॉक्टर स्टेरॉइड बदलतात, सौम्य देतात किंवा प्रेशर उतरवणारे थेंब जोडतात, आणि स्टेरॉइड थांबल्यावर बहुतेकांचं प्रेशर पूर्ववत होतं. मोतीबिंदूची भीती मुख्यतः महिनोन्महिने वापरणाऱ्यांना. तुमचा कोर्स काही आठवड्यांचा असेल. माझ्या मते तुमच्या बाबतीत थेंब अर्धवट सोडण्याचा धोका थेंब घेण्याच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

आणखी एक शंका मला बरेच जण विचारतात: दाहानंच पडदा चिकटत असेल तर स्टेरॉइडनं तो चिकटणं थांबणार नाही का? नेहमीच्या मात्रेतले थेंब मुख्यतः डोळ्याच्या पुढच्या भागात काम करतात, आणि क्रायोनंतर ते सर्रास दिले जातात. व्रण त्याच्या गतीनं धरतो. या भीतीनं थेंब टाळू नका.

थेंब हळूहळू कमी करायचे असतात. सहा वेळांवरून चार, मग तीन, मग दोन, मग एक, अशा उतरत्या क्रमानं, आणि हा क्रम पेशींच्या मोजणीवर ठरतो. तो तारखांसकट लिहून मागा. तोंडी सांगितलेला उतरता क्रम कुणालाच लक्षात राहत नाही. स्टेरॉइडची बाटली पांढरट, दुधी औषधाची असेल तर प्रत्येक वेळी चांगली हलवून घ्या, कारण औषध तळाशी बसतं, आणि न हलवता घातलेले पहिल्या आठवड्याचे थेंब निव्वळ पाणीच ठरू शकतात. खालची पापणी ओढून एकच थेंब टाका, डोळा मिटा आणि नाकाशेजारचा आतला कोपरा बोटानं मिनिट-दोन मिनिटं हलकेच दाबून धरा, म्हणजे थेंब घशात उतरणार नाही. दोन वेगळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. रात्री जागरण करून थेंब घालायचे की नाही ते डॉक्टरांना विचारा. सांगितलं नसेल तर बहुधा जागेपणीच्या वेळांत सहा वेळा असा अर्थ असतो. ठणकीसाठी साधं पॅरासिटामोल चालतं का तेही विचारून घ्या. उजेडात गॉगल घाला. डोळा चोळू नका. घरात पडून असलेली कुणाची जुनी बाटली, आणि दुकानातून स्वतःच्या मनानं आणलेले ‘लाली घालवणारे’ थेंब, दोन्ही नकोत.

आता पहाऱ्याच्या खुणा. रोज सकाळी एक मिनिट द्या. डावा डोळा हातानं झाका, उजव्यानं समोरच्या भिंतीवरच्या एका बिंदूकडे पाहा, आणि नजर न हलवता वर, खाली, दोन्ही बाजूंना दिसतंय का ते पाहा. मग उजवा झाकून डाव्यानं. दोन्ही डोळे उघडे ठेवून हे कळत नाही, एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो आणि माणूस दिवसचे दिवस गाफील राहतो. कुठल्याही कडेला करडी किंवा काळी सावली आली, पडदा ओढल्यासारखी ती आत सरकत असेल, ठिपक्यांचा किंवा काजळीचा एकदम नवा लोंढा आला, चमक होती त्याहून वाढली, तर त्याच दिवशी जा. सकाळ व्हायची वाट पाहू नका, सुट्टीचा दिवस असला तरी तातडीच्या विभागात जा. नजरेचा मधला भाग अजून शाबूत असताना शस्त्रक्रिया झाली तर परिणाम फार चांगला येतो. मधला भाग उचलला गेला की तासांचा आणि दिवसांचा हिशेब बदलतो.

फोनवर वेळ देणाऱ्या व्यक्तीला “डोळा लाल आहे” असं सांगितलंत तर पुढच्या आठवड्याची तारीख मिळेल. असं सांगा: “पडद्याच्या छेदासाठी क्रायो झालंय, आता नवीन सावली दिसतेय.” हे वाक्य ऐकल्यावर कुणी तुम्हाला थांबवून ठेवू नये. ठेवलंच, तर थेट जा.

जुन्या ठिपक्यांचं मात्र मनावर घेऊ नका. क्रायोनं पडद्याचं रंगद्रव्य थोडं सुटं होतं, छेदाच्या वेळी थोडं रक्त आलेलं असू शकतं, सुजेच्या पेशीही तरंगत असतात. हे सगळं विरायला आठवडे, कधी महिने लागतात. कडेची बारीक चमकही काही काळ चालू राहू शकते, कारण छेद सील झाला तरी जेलीची ओढ संपलेली नसते. होतं तेवढंच आहे किंवा कमी होतंय, तर ठीक. बदललं, वाढलं, तर दाखवा.

सुजेच्या बाजूनं पाहायचं ते असं: दिवसागणिक कमी होणारी लाली आणि ठणक चालेल, अधूनमधून एखादा दिवस जरा वाईट गेला तरी चालेल. पण थेंब नियमित चालू असूनही ठणक वाढत जातेय, नजर उतरतेय, पापण्या पुन्हा सुजून घट्ट होताहेत, पू येतोय, किंवा डोळा हलवताना कळ येतेय, तर ते त्याच दिवशी दाखवायचं. क्रायोत डोळ्याच्या आत सुई जात नाही, त्यामुळे आत जंतुसंसर्ग होणं अगदी दुर्मीळ. तरी ही लक्षणं घरी बसून पारखायची नाहीत. दुसऱ्या डोळ्यालाही उजेड खुपायला लागला किंवा तो लाल झाला, तर तेही लगेच सांगा.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आत्ता कुणी सांगितली नसेल. काही आठवड्यांनी, डोळा पांढरा झाल्यावर, वाचताना अक्षरं मधेच पुसट दिसली किंवा सरळ रेघ वाकडी वाटली, तर पडद्याच्या केंद्रावर सूज आली असू शकते किंवा त्यावर पातळ पापुद्रा धरलेला असू शकतो. दाहानंतर हे होऊ शकतं. चौकटीच्या वहीचं पान आठवड्यातून एकदा, चष्मा लावून, एकेका डोळ्यानं पाहा. चौकटी मोडलेल्या दिसल्या तर स्कॅन करून नक्की करता येतं. सुजेवर औषध आहे. पापुद्रा बहुतेकांत पातळच राहतो, फार त्रास देणारा असेल तर शस्त्रक्रियेनं काढता येतो.

पुढच्या भेटी टाळू नका. नेहमीचा क्रम असा असतो: एक-दोन आठवड्यांनी, मग साधारण महिना-दीड महिन्यानं, मग तीन ते सहा महिन्यांनी, आणि त्यानंतर वर्षातून एकदा, दर वेळी बाहुली मोठी करून. तुमच्या सुजेमुळे सुरुवातीच्या भेटी याहून जवळजवळ असतील. छेद एकदा बुजला म्हणजे पुन्हा दुसरीकडे पडणार नाही, असं नसतं. शंभरांतल्या पाच ते चौदा जणांना पुढे कधीतरी नवा छेद पडलेला आढळतो. म्हणून डोळा शांत वाटत असला तरी वर्षाची तपासणी सोडायची नाही. बाहुली मोठी केल्यावर काही तास गाडी चालवता येत नाही, तेव्हा बरोबर कुणाला तरी न्या.

वाचन, टीव्ही, मोबाइल यांनी पडदा सुटत नाही. वाचताना त्रास होईल तो सुजेचा आणि थेंबांचा. वाकणं, घरकाम यांबद्दल डॉक्टरांनी काही बंधन घातलं असेल तर व्रण घट्ट होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, ते पाळा. जोरदार हिसके बसणारे व्यायाम आणि डोळ्याला मार लागेल असे खेळ तेवढे दिवस नकोत, आणि तुमच्या नंबरला डोळ्यावर मार लागणं एरवीही टाळलेलंच बरं. विमानप्रवासाची बंदी असते ती डोळ्यात वायूचा फुगा सोडला असेल तर. तुमच्या डोळ्यात तो सोडलेला नसेल, तर त्या कारणासाठी प्रवास थांबवायची गरज नाही. तरी सूज उतरेपर्यंत डॉक्टरांपासून फार दूर जाऊ नका.

डाव्या डोळ्याचं म्हणाल, तर त्याचीही कड त्या दिवशी पाहिली होती का, हे विचारा. बहुधा पाहिली असेल. तिथे विरलेली जागा दिसली तरी लक्षणं नसताना प्रत्येक वेळी उपचार करतातच असं नाही. एका डोळ्यात असा छेद पडून गेलाय हे लक्षात घेऊन डॉक्टर ठरवतील, आणि तेव्हा लेझर होण्यासारखं असेल तर तुमच्या या सुजेचा अनुभव त्यांना आठवणीनं सांगा. त्या डोळ्यातली जेली अजून सुटायची असेल, म्हणून त्यात नवे ठिपके किंवा चमक दिसली तर उजव्यापेक्षाही तत्परतेनं जा. तुमच्या सख्ख्या भावंडांत किंवा मुलांत कुणाला मोठा मायनस नंबर असेल तर त्यांनाही एकदा बाहुली मोठी करून पडद्याची कड तपासून घ्यायला सांगा. चष्म्याचा नंबर काढताना ती कड दिसत नाही, तपासणी वेगळी मागावी लागते.